झापाखालची मोटार

एकोणीसशे तेहतीस साल होतं ते. चुकायचं कारण नाही, कारण त्याच वर्षी आषाढात माझी थोरली मुलगी झाली, आणि त्या बाळंतपणासाठी मी मुंबईच्या सासरहून वैशाखातच माहेरी, रत्नागिरीला, आले होते. पुढे तिच्या वाढदिवसाला घरात गोडाधोडाचं चाललेलं असे आणि माझ्या नाकात मात्र कडू तेलाचा वास भरलेला असे. त्या पावसाळ्यात आमच्या घराला तोच वास होता.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू, गाव गंगारामशेट म्हणे. त्यांची मंगलोरी कौलांची वखार होती. कौलं गलबतांतून मांडवी बंदरात उतरत, बैलगाड्यांनी वखारीत येत आणि तिथून पाली, हातखंबा, पार संगमेश्वरापर्यंत जात. धंदा पसरला तशी आप्पांना गावोगाव फिरायला मोटार हवीशी वाटू लागली, आणि आदल्या थंडीत त्यांनी ती मुंबईहून आणवली. जांभळ्याकडे झुकणारा निळा रंग, काळे मडगार्ड, वर कापडी टप. जुनीच होती, पण आधीच्या मालकानं हौसेनं ठेवलेली. रंग असा की आमच्या शेजारणी वाटेत थांबून तिच्या चकचकीत दारात वाकून बघत कुंकू सारखं करून घेत.

आप्पांना ती चालवता येत नव्हती. चालवायचा माझा मोठा भाऊ, बाळादादा. तो तेव्हा विशीत होता. मुंबईला मामाकडे राहून मोटार शिकून आला, तेव्हापासून त्याचं मन वखारीत लागेना. मामाच्या ओळखीच्या एका पारशाचा मोटारी दुरुस्त करायचा कारखाना होता आणि तो दादाला हाताखाली घ्यायला तयार होता. दादानं ही गोष्ट मला सांगितली, आईला सांगितली, आणि शेवटी एका दुपारी पानावर बसल्यावर आप्पांना सांगितली.

"चालवायला शिकलास, बस झालं," आप्पा म्हणाले. "तिच्या पोटात हात घालून तोंड काळं करायला वाण्याचा मुलगा कशाला हवा?"

"हात काळे होतात आप्पा, तोंड नाय."

आईला हसू आलं. तिनं ते भात वाढता वाढता लपवलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी सावकाश ताक पिऊन संपवलं आणि म्हणाले, "दुसऱ्यांच्या मोटारी सांभाळायला निघालास. आधी माझी सांभाळून दाखव. पावसात ती बंद राहील. भाद्रपदात गणपती आणायला बाहेर काढू. आत गेली तशी बाहेर आली, तर आगबोटी सुरू झाल्या की जा मुंबईस. मी स्वतः धक्क्यावर येईन. नाय आली, तर वखारीत बसायचं, आणि ह्या घरात पुन्हा मुंबईचं नाव काढायचं नाय."

"कबूल," दादा म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की आईनं त्याच्याकडे वळून बघितलं. आप्पा दिलेला शब्द मोडत नसत. चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

तेव्हा आमच्याकडे पावसाळा म्हणजे सगळंच मिटून ठेवायचा काळ. आगबोटी बंद, गलबतं किनाऱ्यावर ओढलेली, रस्त्यांचा चिखल. मोटार मागच्या खळ्यातल्या पडवीत राहायची होती. वर कौलं होती, पण तिन्ही बाजू उघड्या, आणि समुद्र इतका जवळ की पितळेची समई घासून ठेवली तर दोन दिवसांत हिरवी पडे. आधीच्या मालकानं मोटारीबरोबर मेणाचा एक चपटा पिवळा डबा दिला होता आणि बजावलं होतं की समुद्राकाठी नेताय, तर ह्याच्याशिवाय रंग टिकायचा नाही.

दादानं मोटार रिठ्याच्या पाण्यानं धुतली. तांबडी धूळ खाचाखाचांतून काढली. आईचं जुनं मऊ लुगडं फाडून फडकी केली. मी ओटीवर पाय पसरून बसले होते. सातवा महिना होता, मला दुसरं काही करू देत नव्हते.

"काय लिहिलंय रे डब्यावर?"

"पातळ लावा, म्हणतो. सावलीत लावा. सुकून धुरकट झालं की कोरड्या फडक्यानं पुसून काढा."

"लावायचं आणि पुसून काढायचं? मग लावायचं कशाला?"

"पुसलं तरी राहतं गो. दिसत नाय इतकं राहतं. तेवढंच रंगाला पुरतं."

"कुणी सांगितलं?"

"डब्यानं."

त्यानं इंजिनावरच्या झाकणापासून, बॉनेटपासून, सुरुवात केली. लहान लहान गोल काढत मेण लावायचं, आरशावर श्वास सोडावा तसं ते धुरकट होईपर्यंत थांबायचं, मग घासायचं. संध्याकाळी त्यानं बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळून गेलं, अळवाच्या पानावरून जातं तसं. "बघितलंस, कमळे?" असं तो मला तीनदा तरी म्हणाला असेल.

पण तोंडानं तो पातळ म्हणत होता आणि हातानं जाड लावत होता. समोर चार महिन्यांचा पाऊस दिसत होता, पणाला मुंबई होती, हात कसा पातळ राहणार? एक थर पुसला की त्याला तो कमी वाटे, मग दुसरा, मग तिसरा. बॉनेट झालं तेव्हा डब्याचा तळ दिसू लागला. उरलेलं मेण ताणून ताणून लावलं असतं तर सगळ्या मोटारीला एक हात पुरला असता. पण एका हातानं पाऊस निघेल असं त्याला वाटेना, आणि शेवटची आगबोट जाऊन चार दिवस झाले होते. दुसरा डबा आता दिवाळीच्या सुमाराशिवाय यायचा नव्हता.

आईनं आपल्या परीनं सुचवलं, "माझ्याकडं कोकमाचं तेल आहे. टाचांच्या भेगांना लागतं, मोटारीला नाय लागणार?"

"टाचेवर ऊन पडत नाय, आई. मोटार तापली की ते वितळून खाली येईल."

"मग मेणबत्त्या?"

"मेणबत्त्या फासू काय मोटारीला?" तो चिडून म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

नासिर तांडेल आले ते अशा वेळी. राजिवड्याचे. आप्पांची कौलं मंगळूरहून आणणारं गलबत त्यांचं. आगोटीला, म्हणजे पाऊस लागायच्या तोंडाला, गलबत भाट्याच्या खाडीत ओढून झालं की ते आमच्याकडे येत, ओटीवर बसून चहा घेत, आप्पांशी वर्षभराचं बोलत. बाळादादाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. ते त्याला बाला म्हणत आणि आम्ही दोघं त्यांना नासिरचाचा.

"काय बाला, तोंड असं का? सुकटीला पाऊस लागला काय?"

दादानं त्यांना डबा दाखवला. नासिरचाचांनी त्यात बोट घातलं, नाकाशी नेलं, पुन्हा वास घेतला.

"वास झ्याक हाय. अत्तर वाटतंय. पावसाला अत्तर लावनार तू?"

"विलायती आहे, चाचा."

"विलायतेत पाऊस असेल. पन असा नसेल रे." ते मोटारीभोवती फिरले. हात लावला नाही, मागे बांधून ठेवलेले. "बघ, माझं गलबत तुझ्या बापाच्या वयाचं. सालोसाल आगोटीला लेप लागतो, वर झाप बसतात. एक फळी अजून हललेली नाय. राळ, मेण आनि उंडीचं कडू तेल. गरम लावायचं. पानी काय, हवा पन आत जात नाय."

"पण ते लाकूड आहे, चाचा."

"आनि ह्या पत्र्यावर काय, रंगच ना? माझ्या गलबतावर पन रंगच हाय."

दादानं लगेच हो म्हटलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे, कारण पुढे सगळे म्हणत की पोरानं विचार केला नाही. त्यानं केला. नासिरचाचांनी पाठवलेला लेप आधी मडगार्डच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा लावून बघितला. तो सुकला तो काचेसारखा. वर पाणी ओतलं, थेंबही टिकला नाही. नखानं खरवडलं, ओरखडा उठला नाही. दोन दिवस तो ते बघत राहिला. मग डब्याचं झाकण लावून डबा फडताळात ठेवला आणि आईला म्हणाला, "चाचांना बोलाव."

खळ्यात तीन दगडांवर कढई चढली. राळ वितळली तेव्हा उठलेल्या धुरानं आईनं मला घरात पिटाळलं. "गर्भारशीनं धुरात बसू नये, काळं मूल होईल." मी माजघराच्या खिडकीतून बघत होते. चाचा काठीनं ढवळत होते आणि दादा काथ्याच्या कुंचल्यानं लेप ओढत होता, दारांवर, पाठीवर, मडगार्डांवर. बॉनेटशी आल्यावर तो थांबला.

"हे राहू दे. इथे मेण लागलंय."

"राहू दे तर," चाचा म्हणाले. "तोंड तेवढं मडमेचं असू दे, अंग आपल्या राजिवड्याचं!"

दोघं पोटभर हसले. चाचा कढईखालची आग विझवत होते तेव्हा आप्पाही मागल्या दारी येऊन उभे राहिले. नासिर तांडेल स्वतः हात लावतायत हे बघून त्यांचा चेहरा निवल्यासारखा झाला. गलबताच्या बाबतीत आप्पांचा नासिरचाचांवर देवासारखा विश्वास होता.

मोटार चिऱ्यांवर चढली, चाकं काढून माळ्यावर गेली. मग माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप तिच्यावर एकावर एक बसले आणि सुंभानं आवळले. शेवटची गाठ चाचांनी मारली.

"आता नारली पुनवेपर्यंत झाप उचलायचा नाय, बाला. गलबत मध्ये उघडून कोन बघत नाय. झाप उचलला की आतली ऊब जाते आनि ओल शिरते. बघायचा कितीबी जीव झाला तरी नाय."

पुढे पाऊस लागला तो लागलाच. भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी, आणि सगळ्या घरात तो कडू वास. माझी मुलगी त्या पावसात झाली. गोदा सुईण डोक्यावर इरलं घेऊन आली होती आणि येताक्षणी म्हणाली, "वयनी, घर हाय की गलबत?" पहिले दहा दिवस मी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीजवळ पडून असायची. खिडकीच्या फटीतून मला पडवीतला तो झापांचा ढीग दिसायचा आणि पुष्कळदा त्याच्याजवळ उभा असलेला दादा. तो काही करायचा नाही. झापावर हात ठेवून उभा राहायचा, आजारी माणसाच्या अंगावर ठेवतात तसा.

एकदा आई म्हणाली, "एक कोपरा उचलून बघ की रे. जीव थंड होईल."

"चाचा नको म्हणालेत."

"चाचा इथे आहेत काय बघायला?"

"गलबत कोण मध्ये उघडून बघतं काय, आई?" तो म्हणाला. आणि मग खिडकीशी येऊन मला म्हणाला, "कमळे, मामाचं घर गिरगावात तुझ्या घरापासून किती लांब? चालत येता येईल ना? मग रविवारी तुझ्याकडे जेवायला. मासे मी आणीन."

नारळी पुनव झाली. खाडीतली गलबतं पाण्यात उतरली. त्यानंतर एक दिवस लख्ख ऊन पडलं आणि नासिरचाचा आपणहून आले. आप्पा वखार सोडून घरी थांबले. मी मुलीला दुपट्यात घेऊन मागल्या दारात बसले.

सुंभ कापले. झाप एकेक निघाले. आतून कोंडलेली ऊब बाहेर आली, बंद मडक्याची येते तशी. आणि मोटार दिसली. लेप पिवळट पडला होता, पण अखंड होता. कुठे गळलं नव्हतं, कुठे गंज नव्हता. बॉनेट तर तसंच्या तसं निळं, वर नुसता ओलाव्याचा हात फिरलेला. आप्पांनी सगळीकडून फिरून बघितलं, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "शाबास रे." त्यांना कुणाला शाबास म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं. दादानं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"आता हे चिकट काढ," आप्पा म्हणाले, "आणि खालचा रंग दिसू दे. चवथ जवळ आली."

दादानं चाचांकडे बघितलं. चाचा दादाकडे बघत होते.

"काढायचं?" चाचांनी विचारलं.

"मग काय असंच ठेवायचं? मोटार आहे ती."

"शेट, लेप काढत नाय कोन. त्याच्यावरच पुढल्या साली दुसरा चढतो."

एवढंच होतं ते. गलबताचा लेप कधी काढायचा नसतो, मोटारीचा काढायला लागतो. वैशाखापासून कढई, काठी, कुंचला, झाप, सगळ्यांचा विचार झाला होता. काढायचा कसा, हे दादाला सुचलं नव्हतं, चाचांना नाही आणि मागल्या दारी येऊन बघून गेलेल्या आप्पांनाही नाही.

दादानं रॉकेलमध्ये फडकं भिजवून मागच्या दारावर घासलं. लेप जरा मऊ झाला, सुटला नाही. त्यानं गरम पाणी आणवलं. मग नारळाच्या करवंटीच्या कडेनं हलकेच खरवडलं. लेपाची एक खपली उठली आणि तिच्याबरोबर खालचा निळा रंग आला, त्याच्याही खालचा करडा आला आणि पत्रा उघडा पडला. गरम राळेनं तो रंग वैशाखातच धरला होता. तीन महिने दोघं एकमेकांत मुरले होते. भाजल्या अंगावरची साल निघावी तसं ते निघत होतं.

"थांब," चाचा म्हणाले. "थांब बाला, हात लावू नकोस."

पण दादाचा हात थांबेना. त्यानं दुसरीकडे करून बघितलं, मडगार्डवर, पाठीवर. कुठेतरी नीट निघेल म्हणून तो बघत होता. जिथे हात लावला तिथे पांढरट डाग पडला. शेवटी आप्पांनीच पुढे होऊन त्याच्या हातातून करवंटी काढून घेतली.

आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बॉनेटपाशी गेले, त्यावर तळवा ठेवला.

"हे कशानं राहिलं?"

"डब्यातल्या मेणानं."

"मग सगळीकडं तेच का नाय लावलंस?"

"पुरलं नसतं, आप्पा."

"डब्यावर काय लिहिलं होतं?"

दादानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "पातळ लावा."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "शेट, पोराचा कसूर नाय. सांगितलं मी. लावलं मी. बोलायचं तर मला बोला."

"तुम्ही तांडेल. तुम्ही गलबताचं सांगितलंत, ते बरोबरच सांगितलंत," आप्पा म्हणाले. "मोटार त्याची होती."

दादा म्हणाला, "आप्पा, मी रंग लावून आणतो. मुंबईला कारखान्यात नेली तर..."

"मुंबईचं नाव काढायचं नाय, असं ठरलं होतं," आप्पा म्हणाले आणि उपरणं खांद्यावर टाकून वखारीकडे चालू लागले.

त्या वर्षी आमचा गणपती त्याच मोटारीतून आला. आईनं नको नको म्हटलं, डोक्यावरून आणा, पाटावरून आणा, म्हटलं. आप्पा ऐकेनात. मोटार भाद्रपदात निघणार म्हणजे निघणार. दादा चालवायला, मागे मांडीवर मूर्ती घेऊन आप्पा, आणि मोटारीच्या अंगभर पिवळे, करडे, पांढरे डाग. पुढचं बॉनेट मात्र आरशासारखं. बाजारात पोचेपर्यंत पोरं मागे लागली होती.

"शेट, मोटारीला कोड फुटलं काय?" एका दुकानदारानं दुकानातून ओरडून विचारलं.

"मुलानं केलंय," आप्पा तितक्याच मोठ्यानं म्हणाले.

पुढे ते हेच उत्तर देत. पालीला विचारलं, हातखंब्याला विचारलं, मांडवीवर हमालांनी विचारलं. मुलानं केलंय. पुढे बसून मोटार चालवणाऱ्या मुलाच्या पाठीला ते ऐकू जायचं. कोकणात माणूस दिसण्यापूर्वी त्याचं टोपणनाव पोचतं. गंगारामशेटांची मोटार महिनाभरात कोडी मोटार झाली आणि दादा कोड्या मोटारीचा बाळा.

आईनं एकदा धीर करून सांगितलं, "रंग लावून घ्या हो तिला. इथल्या सुताराकडून लावून घ्या, पण घ्या. पोरगा खाली बघून चालतो."

"रंग लावला की विसरेल."

"विसरू द्या की."

आप्पांनी त्यावर पानाला चुना लावायला घेतला. मी तिथेच होते. त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. एका सकाळी मी त्यांना पडवीत बघितलं होतं, उपरण्याच्या टोकानं एकटेच बॉनेट पुसत होते आणि पुसून झाल्यावर मागच्या दारावरच्या त्या उघड्या पत्र्यावर बोट फिरवत होते. हौसेनं घेतली होती त्यांनीही. पण शब्द दिला होता, तो त्यांनी मोडायचा कसा? आणि दादानं कबूल म्हटलं होतं, त्यानं मागायचं कसं? एकानं विचारायचं की दुसऱ्यानं सांगायचं, ह्यात आश्विन गेला. आगबोटी सुरू झाल्या. मामाचा निरोप आला, जागा ठेवली आहे म्हणून. तो निरोप आईनं दोघांच्या देखत सांगितला. दोघंही जेवत राहिले.

कार्तिकात मी सासरी, मुंबईला, निघाले. मांडवीपर्यंत दादानंच सोडलं. आप्पा आले नाहीत, वखारीत माल उतरत होता. आगबोट लांब उभी होती आणि माणसं पडावातून तिच्यावर जात होती. दादानं माझी ट्रंक पडावात ठेवली, मुलीला माझ्या हातात दिलं, तिच्या टोपडीची गाठ सैल झाली होती ती घट्ट केली.

"चल माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"कुठे?"

"मुंबईस. असाच चल, अंगावरच्या कपड्यांनी. मामा आहे, माझं घर आहे. आप्पा चार दिवस ओरडतील."

"ओरडले तर बरंच होईल गो."

"मग चल ना. पडाव सुटतोय, दादा."

खरोखरच त्यानं एक पाय पडावाच्या काठावर ठेवला होता. खलाशी म्हणाला, "येताय का शेट, का नुसतं वजन करताय?" दादानं मान वळवून धक्क्याकडे बघितलं. मोटार उन्हात उभी होती. तिच्याभोवती दोन-तीन पोरं जमून दाराच्या खपल्या नखानं काढत होती.

"मोटार परत कोण नेणार?" तो म्हणाला. "आप्पांना चालवता येत नाय."

त्यानं पाय काढून घेतला. पडाव सुटला. मी पुष्कळ वेळ बघत होते. त्यानं पोरांना हाकललं नाही. दार उघडून आत बसला, आणि ती मोटार मांडवीचा चढ चढून वर गेली.

आप्पांनी ती मोटार तशीच आणखी सात-आठ वर्षं वापरली. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा ती थांबली. तिचं इंजिन चिपळूणकडच्या एका भातगिरणीनं नेलं, बाकीचं भंगारात गेलं. त्याच सुमारास आप्पा गेले, दोन दिवसांच्या तापानं. शेवटी शुद्धीत होते, पण दादाला काही बोलले नाहीत, असं आईनं मला सांगितलं.

नासिरचाचांनी आप्पांची कौलं शेवटपर्यंत आणली, पण ओटीवर चहाला ते पुन्हा कधी बसले नाहीत. बंदरावरच हिशेब करून परत जात. त्यांचं गलबत पुढे मुलांनी विकलं. मुलं आगबोटींवर खलाशी झाली. चाचा राजिवड्यातच वारले, आणि त्यांच्या मातीला दादा गेला होता.

आई एकोणसाठ सालापर्यंत होती. गोदा सुईण तिच्या आधी गेली. माझी ती मुलगी ठाण्याला असते, शाळेत शिकवत होती, आता निवृत्त झाली. माझे यजमान जाऊन बावीस वर्षं झाली.

दादाचं लग्न त्या पावसाळ्यानंतरच्या वैशाखात झालं. बायको मालगुंडची, सोनूबाई, फार समजूतदार. त्याला तीन मुलं. आप्पा गेले तेव्हा तो तिशीच्या आत होता. मामानं तेव्हा पुन्हा विचारलं होतं. पारशी म्हातारा झालाय, कारखान्याला चांगला माणूस हवा आहे, कुटुंब घेऊन ये. दादानं उलट कळवलं, आता वखार कोण बघणार?

वखार त्यानं एकाहत्तर सालापर्यंत बघितली. तोवर स्लॅबची घरं आली होती आणि कौलं कुणी मागत नव्हतं. तो गेल्यावर मुलांनी जागा विकली. आता तिथे लोखंडी सळ्यांचं दुकान आहे.